मदत हवी आहे: फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेत अध्यक्षपदाला उभं राहायचं आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका अनुदानित ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. अकरावी-बारावीच्या फिजिक्स शिक्षकांची आमची जिल्हा पातळीवरची नोंदणीकृत संघटना आहे. दिवाळीनंतर तिची निवडणूक आहे आणि मला अध्यक्ष व्हायचं आहे. शिक्षक संघटना, पतपेढी, हाउसिंग सोसायटी, कुठलीही निवडणूक लढवलेल्यांनी सल्ला द्यावा.

का उभी राहतेय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. फेब्रुवारीत बोर्डाची प्रॅक्टिकल्स घ्यायला बाहेरची परीक्षक म्हणून एका कॉलेजात होते. एका मुलाला स्क्रू गेजनं तारेचा व्यास मोजायचा होता. त्यानं रॅचेटला (जादा दाब येऊ न देणारी टोकाची मूठ) हात न लावता थेट थिंबल (फिरतं नळकांडं) पिळायला सुरुवात केली, तार चेपायची वेळ आली तरी थांबेना. झिरो एरर, म्हणजे उपकरणाची शून्यापाशीची चूक, बघितली का विचारलं तर माझ्याकडे बघत राहिला. जर्नलमध्ये मात्र तोच प्रयोग सुवाच्य अक्षरात, झिरो एरर वजा करून, सहीशिक्क्यासकट. मुलगा हुशार होता हो. नंतर बोलताना कॅपॅसिटरचं गणित तोंडी सोडवून दाखवलं त्यानं. वर्षभर इंटिग्रेटेड क्लासला (नाव कॉलेजात, शिकणं कोचिंग क्लासात) होता, स्क्रू गेज हातात घेतला तो थेट परीक्षेलाच.

असं फक्त तिथेच नाही. बारावीच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे. पण इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरतो सीईटीवर, तिथे फिजिक्सचे ५० बहुपर्यायी प्रश्न आणि उपकरणाचा संबंध शून्य. त्यामुळे लॅब झाली का, असं पालकही विचारत नाहीत. बऱ्याच ठिकाणी लॅब अटेंडंट निवृत्त झाला की ती जागा रिकामीच राहते, मग सोनोमीटरच्या (ताणलेल्या तारेची कंपनं मोजायचं उपकरण) तारा बदलायच्या कुणी?

आमची संघटना प्रश्नसंच काढते, मी स्वतः ते वर्गात वापरते. सत्कार, स्नेहमेळावा होतो. प्रॅक्टिकलवर मात्र एकाही वार्षिक सभेत विषय निघालेला मला आठवत नाही. मला तालुकावार उपकरणांची देवाणघेवाण सुरू करायची आहे, नव्या शिक्षकांसाठी हाताने प्रयोग करायच्या कार्यशाळा घ्यायच्या आहेत, आणि रिकाम्या जागांचं निवेदन कॉलेजवार आकड्यांसह शिक्षण उपसंचालकांकडे न्यायचं आहे.

अडचणी अशा. स्वतंत्र उभं राहावं की पॅनेल करावं? सभासद जुन्नरपासून इंदापूरपर्यंत पसरलेले, त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? मागच्या वेळी डायऱ्या आणि जेवणं झाली, तसलं काही मला करायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मावळते अध्यक्ष. बी.एड.च्या सराव पाठांना मला त्यांनीच घडवलं. ते स्वतः उभे नाहीत, पण दुसऱ्या उमेदवाराच्या पाठीशी आहेत. त्यांना कसं सांगू?

लोलक:
ताई, आधी नियमावली हातात घ्या. मी आमच्या जिल्ह्यातल्या शिक्षक संघटनेचा कार्यवाह होतो, त्यावरून सांगतो. अध्यक्ष थेट सभासद निवडतात, की सभासद कार्यकारिणी निवडतात आणि कार्यकारिणी आपल्यातून अध्यक्ष? बऱ्याच संस्थांत दुसरा प्रकार असतो. तसं असेल तर स्वतंत्र उभं राहून तुम्ही सर्वाधिक मतांनी निवडून याल आणि पहिल्या बैठकीत साध्या सदस्य म्हणून बसाल. तिथे पॅनेलला पर्याय नाही.

मतदार यादी आत्ताच लेखी मागा, पोच घ्या. वर्गणी थकली म्हणून मताचा हक्क कधी जातो ते वाचा. आपली माणसं ऐन वेळी यादीबाहेर निघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिसरं कुणी सांगत नाही ते. संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असेल, महाराष्ट्रात सहसा असतेच, तर धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा काढा. नवीन कार्यकारिणी आली की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यावा लागतो. मागचे रिपोर्ट दिलेलेच नसतील किंवा पडून असतील तर रेकॉर्डवर जुनीच नावं असतात, बँक तुमची सही घेत नाही आणि पहिलं वर्ष हेलपाट्यांत जातं. खाती ३१ मार्चला बंद होऊन ऑडिट वेळेवर जातंय का, तेही बघा. जिंकल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

जुन्नरचा_मास्तर:
मॅडम, राग मानू नका, पण पुण्याची माणसं आमच्याकडे मत मागायलाच येतात. तुम्ही तसं करू नका. नारायणगावला एखाद्या रविवारी या, मीटर ब्रिज (तारेवर रोध मोजायचं उपकरण) आणि दोन गॅल्व्हानोमीटर घेऊन या. आमच्याकडे जॉकी (तारेला टेकवायची धातूची पट्टी) तारेवर घासून घासून तार जागोजागी झिजलीय, बॅलन्स पॉइंट दर वेळी सरकतो. ती तार बदलायची कशी, हे तासभर दाखवा. भाषण नको. त्या तासाभरात तुम्ही काय करणार आहात ते सगळ्यांना कळेल.

आमची मुलं २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना बघायला जातात. ४५ मीटर व्यासाची एकेक, अशा ३०. मुलं थक्क होतात. परत आली की कॉलेजात साधा सोनोमीटर चालू नसतो. हे जाहीरनाम्यात घाला.

अजून एक. विनाअनुदानित आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तुमच्या संघटनेत मत आहे का? प्रॅक्टिकल्सचा खरा भार त्यांच्यावर आहे आणि त्यांना संस्थेत तोंड उघडता येत नाही. इंटिग्रेटेड क्लासविरुद्ध नाव घेऊन बोललात तर मनातून पटूनही ते लांब राहतील. 'आठवड्याचं प्रॅक्टिकल वेळापत्रकाप्रमाणे झालंच पाहिजे' एवढंच म्हणा. त्यात सगळं आलं.

वर्णपट:
माझं मत थोडं वेगळं. अध्यक्षपद मानाचं, पत्रव्यवहार आणि बैठका कार्यवाहाच्या हातात. काम करायचं असेल तर कार्यवाह व्हा आणि अध्यक्षपदाला सर्वमान्य ज्येष्ठ माणूस घ्या.

आणि देशपातळीवर काय झालंय ते सभासदांना सांगा. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स १९८४ मध्ये डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकारातून उभी राहिली. आज फिजिक्स ऑलिम्पियाडची पहिली पायरी असलेली एनएसईपी परीक्षा तीच संघटना घेते. प्रयोगकौशल्याची वेगळी स्पर्धाही घेते, अन्वेषिका नावाच्या तिच्या प्रयोगकेंद्रांमार्फत. हे शिक्षकांनीच उभं केलंय. आपल्याकडे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. कार्यशाळेसाठी त्यांना पत्र लिहायला अध्यक्ष व्हायची वाट बघू नका.

मावळत्या अध्यक्षांना, तुमच्या सरांना, मात्र प्रत्यक्ष भेटा, अर्ज भरायच्या आधी. दुसऱ्याकडून कळलं तर ते दुखावतील. मत मागू नका, पाठिंबा मागू नका. उभी राहतेय आणि कशासाठी, एवढं सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. लोलक, तुमचा पहिलाच मुद्दा बरोबर लागला. नियमावली मिळवली. आमच्याकडेही सभासद कार्यकारिणी निवडतात आणि पदाधिकारी ती ठरवते. इतकी वर्षं मत देऊनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि विचारलं त्यातल्या बहुतेकांनाही ठाऊक नव्हतं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना सभासद होता येतं, फक्त फॉर्म कुणी त्यांच्यापर्यंत नेलेला नाही. ते काम आजपासूनच सुरू करते, मत मला दिलं नाही तरी चालेल.

वर्णपट, अध्यक्षपदाचाच आग्रह आता सोडलाय. कार्यवाहपदाचं तुमचं म्हणणं पटतंय, पॅनेल ठरताना बोलेन.

सरांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाठिंबा आधीच दुसरीकडे दिलाय आणि शब्द मोडणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. मग कपाटातून त्यांच्या हस्ताक्षरातली जुनी वही काढून दिली. स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशाचे कोन मोजायचं उपकरण) लेव्हल करण्याची पद्धत, पायरी पायरीने. कार्यशाळेत वापर म्हणाले.

जुन्नरचे सर, नारायणगावला नक्की येते. तार किती जाडीची लागेल आणि ब्रिजच्या पट्ट्या पितळी आहेत की तांब्याच्या, ते तेवढं कळवा, म्हणजे इथून सामान घेऊन येईन.

पॅनेलसाठी बारामती, दौंड, इंदापूर आणि भोरकडची माणसं अजून हवी आहेत. प्रॅक्टिकल घेणारी, स्वतः लॅबमध्ये उभी राहणारी. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उमेदवारी अर्जाला सूचक आणि अनुमोदक दोघेही वर्गणी भरलेले सभासद लागतात, तेवढं आधी विचारून घ्या.