रात्री आठनंतरचे जेवण विष कसे?

शिरोलीकर : आमच्या भागातील आरोग्यगटावर काल एक मजकूर फिरला : ‘रात्री आठनंतर पोटात गेलेला प्रत्येक घास विष असतो. पूर्वज दिवेलागणीला जेवत, म्हणून त्यांना मधुमेह नव्हता.’ हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांतून, दुसऱ्या पाळीचा कामगार मध्यरात्रीच्या सुमारास सुटतो, घरी येऊन अंगावरची काजळी धुतो आणि मग ताटावर बसतो. त्याच्यापुढे त्याच्या बायकोने विष वाढले, असे म्हणायचे काय? त्रास आठ वाजल्यामुळे होत नाही, जेवून लगेच आडवे झाल्यामुळे होतो. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंची झडप असते; भरल्या पोटी आडवे झाले की तिच्यावर दाब येतो आणि आम्ल वर चढते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये आम्लपित्ताच्या रुग्णांना झोपण्यापूर्वीचे दोन ते तीन तास जेवण टाळण्यास सांगितले आहे. त्यात आठ वाजण्याचा उल्लेख नाही.

मंगळवार पेठ : साहेब, आपण छातीतील जळजळीवरच थांबलात, साखरेचे काय? स्पेनमध्ये 845 जणांवर झालेला प्रयोग 2022 मध्येच प्रसिद्ध झाला. झोपेच्या वेळेच्या एक तास आधी ग्लुकोज घेतल्यावर साखर अधिक वाढली आणि इन्सुलिन कमी स्रवले. चार तास आधी घेतल्यावर तसे झाले नाही. रात्री वाढणारे मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक इन्सुलिनला आवर घालते, हे त्याचे कारण. आमच्या गल्लीतील जैन कुटुंबे सूर्यास्तापूर्वी जेवतात आणि त्यांच्या घरातील वृद्ध आजही ताठ चालतात. माझे वडील मात्र रात्री उशिरा तांबडा रस्सा ओरपून लगेच अंथरुणावर पडत, आणि त्यांची रात्र पुढे उशीला टेकून बसण्यात जाई. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शिरोलीकर : तुमच्या प्रयोगातील अंतर झोपेपासूनच मोजलेले आहे, म्हणजे तो माझीच बाजू मांडतो. आणि वडिलांना त्रास झाला तो रश्श्यावरच्या कटाचा की वेळेचा, हे तुम्ही कसे ठरवले? स्निग्ध अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, हे सर्वांना ठाऊक आहे.

करवीरचा ऊसवाला : तुमचे चालू द्या, पण आमच्या पंपाला वीज कधी मिळते, हे कोणी विचारील काय? आठवड्याआड रात्रीची पाळी येते. पाणी सोडायला गेलेला माणूस सरीत उभा असतो. विंचू-सापाची भीती, थंडी, चिखल. मोटार बंद झाली की पहाटे घरी येऊन भाकरी खातो आणि तेथेच कलंडतो. दिवसा वीज द्या, आम्ही सूर्यास्ताला जेवतो! वर्षानुवर्षे मागणी करूनही ज्यांच्या जेवणाची वेळ दुसरा ठरवतो, त्यांना उपदेश करणे मला संतापजनक वाटते.

मंगळवार पेठ : दादा, विजेचा राग माझ्यावर का काढता? रंकाळा तलावावर रात्री उशिरा खाण्याच्या गाड्यांभोवती जी गर्दी असते ती काय पिकाला पाणी पाजून आलेली असते? मी त्यांच्याविषयी बोलतो आहे.

करवीरचा ऊसवाला : मग मजकुरात तसे लिहायचे होते. ‘प्रत्येक घास’ असे लिहिले की आमचाही घास त्यात येतो.

शिरोलीकर : दादांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पाळीचे वेळापत्रक, रात्रीची वीज, गळीत हंगाम या गोष्टींवर कोणी आरोग्यगट बोलत नाही.

रात्रपाळीची परिचारिका : मी दोघांनाही अडवते. शिरोलीकर, अंतर पाळले की सगळे ठीक, हा तुमचा दावा अपुरा आहे. 2021 मध्ये 19 निरोगी तरुणांवर कृत्रिम रात्रपाळीचा प्रयोग झाला. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली. केवळ दिवसा जेवणाऱ्यांमध्ये लक्षणीय वाढ दिसली नाही. माणसे लहान संख्येत होती, हे मान्य. तरीही शरीराला रात्र कळते, तुम्ही जागे असलात तरी. पण मंगळवार पेठकर, त्या विषाच्या मजकुराने काय केले तेही ऐका. माझ्या सासूबाई इन्सुलिन घेतात. असाच एक मजकूर वाचून त्यांनी रात्रीचे जेवण सोडले आणि इन्सुलिनची मात्रा तीच ठेवली. पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला होता आणि त्या असंबद्ध बोलत होत्या. साखर इतकी खाली गेली होती की थोडा उशीर झाला असता तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

मंगळवार पेठ : ताई, इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ बदलू नये, हे मी मान्य करतो. ‘विष’ हा शब्दही सोडतो. लवकर जेवणे हितकारक आहे, हे मात्र सोडणार नाही.

शिरोलीकर : रात्री साखर वाढते, हे ताईंनी सांगितले म्हणून ऐकतो, तुमच्या ताठ चालणाऱ्या वृद्धांमुळे नव्हे. माझ्या कामगाराने काय करावे, तेवढे सांगा.

रात्रपाळीची परिचारिका : मुख्य जेवण पाळीला जाण्यापूर्वी पोटभर करावे. मधल्या सुटीत डब्यातील भाकरी आणि उसळ खावी. घरी आल्यावर भूक असेल तर थोडेच, कमी तेलाचे खावे, आणि आम्लपित्त असल्यास डाव्या कुशीवर, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून झोपावे. मात्र मधल्या सुटीत बसून जेवण्याइतका वेळ कारखान्याने दिला पाहिजे, आणि तो मागण्यासाठी तुम्ही माझ्याबरोबर याल का, ते आधी सांगा.

करवीरचा ऊसवाला : मी येतो. दिवसाच्या विजेचे निवेदनही त्याच दिवशी देऊ.