मूळ गायकानेच पुन्हा गायले तर ते कव्हर म्हणावे का?

तबकडीप्रेमी:
मी मूळ गाणी आणि त्यांची कव्हर, म्हणजे तीच गाणी नंतर पुन्हा गायलेली, यांची एक यादी करतो आहे. डॉली पार्टनचे १९७४ चे ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ व्हिटनी ह्यूस्टनने १९९२ मध्ये गायले, ते कव्हर, हे उघड आहे. परंतु डॉलीने स्वतःच १९८२ मध्ये ते एका चित्रपटासाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केले, त्याची नोंद कुठे करावी? गायक-गीतकार प्रिन्सने लिहिलेल्या ‘नथिंग कंपेअर्स टू यू’चे तर त्याहून अवघड आहे. १९८५ मध्ये ‘द फॅमिली’ या बँडने ते प्रथम प्रसिद्ध केले, १९९० मध्ये शिनेड ओ’कॉनरने घराघरांत पोहोचवले आणि त्यानंतर प्रिन्सचे स्वतःचे ध्वनिमुद्रण बाजारात आले.

मुखडा:
डॉलीच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रणाला मी पुनर्ध्वनिमुद्रण म्हणेन. टेलर स्विफ्टने जुन्या मास्टरची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांची, मालकी आपल्याकडे नसल्यामुळे २०२१ पासून आपलेच अल्बम पुन्हा गायले, त्यांनाही कुणी कव्हर म्हणत नाही. कव्हर म्हणायचे तर गाणारा दुसरा हवा आणि आधीचे ध्वनिमुद्रण लोकांनी ऐकलेले हवे. नाहीतर यमनमधली पारंपरिक बंदिश गाणारा प्रत्येक गवई कव्हर करतो, असे म्हणावे लागेल!

जुना श्रोता:
पन्नाशीच्या दशकातील अमेरिकेत या शब्दाला व्यापारी वास होता. १९५५ मध्ये कृष्णवर्णीय गायक फॅट्स डोमिनोचे ‘एन्ट दॅट अ शेम’ बाजारात असतानाच पॅट बूनने तेच गाणे गोऱ्या श्रोत्यांसाठी गायले आणि पॉप गाण्यांच्या यादीत त्याचीच तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली.

कलम ३१क:
आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी स्वतंत्र कलम आहे. पहिले ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे थांबावे लागते, आणि शब्दांत वा संगीतात, संमतीने आधी झालेले किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेले बदल वगळता, फेरफार करता येत नाही. ओटिस रेडिंगच्या १९६५ च्या ‘रिस्पेक्ट’मध्ये आरीथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये आर-ई-एस-पी-ई-सी-टी अशी अक्षरे सुटी करून घातली, आणि आज लोकांना तोच भाग पाठ आहे. मूळ गाण्यात तो नाहीच. असे रूप या कलमात बसवणे अवघड आहे.

मुखडा:
प्रिन्सबाबत एक राहिले. त्याने ते गाणे १९८४ मध्येच स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. ते प्रसिद्ध झाले २०१८ मध्ये, म्हणजे त्याच्या निधनानंतर.

तबकडीप्रेमी:
म्हणजे माझ्या यादीत ‘मूळ’ या रकान्यात ‘द फॅमिली’च राहील, कारण लोकांनी प्रथम तेच ऐकले. १९८४ ची नोंद मी समासात पेन्सिलीने करतो.