डेटाबेस फाइलच्या चुका प्रोग्रामने कशा हाताळाव्यात?

प्रश्न:
सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी पायथॉनमध्ये पट्टी करण्याचा प्रोग्राम लिहून दिला आहे. सारी माहिती एसक्यूएलाइटच्या (सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रणालीच्या) एकाच फाइलमध्ये आहे. ती दिवाणजींच्या संगणकावर असून वजने भरणारा मुलगा दुसऱ्या संगणकावरून शेअर केलेल्या फोल्डरातून तीच उघडतो. सौद्यांच्या गर्दीत 'डेटाबेस इज लॉक्ड' (डेटाबेसला कुलूप आहे) ही चूक येते. मी सर्व चुका एकाच एक्सेप्टमध्ये (पायथॉनमधील चुका पकडणाऱ्या भागात) पकडून 'काहीतरी चुकले आहे' एवढेच दाखवतो, आणि ते वाचून दिवाणजी सरळ संगणकाचे बटण दाबतात. काय करावे?

उत्तर १:
दुखणे त्या एकाच एक्सेप्टमध्ये आहे. चूक ओळखावी ती कोडवरून, म्हणजे तिच्या ठरलेल्या क्रमांकावरून, संदेशाच्या मजकुरावरून नव्हे. पायथॉन ३.११ पासून एक्सेप्शनवरच (पकडलेल्या चुकीच्या ऑब्जेक्टवरच) एसक्यूएलाइटचा कोड मिळतो. मात्र तो विस्तारित, म्हणजे मूळ कोडात जादा तपशील मिसळलेला, असू शकतो; ५ ऐवजी २६१ही येईल, म्हणून २५५ बरोबर बिटवाइज अँड (&) करून मूळ कोड काढावा. ५ म्हणजे फाइल दुसऱ्याच्या ताब्यात आहे, तेव्हा थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. १३ म्हणजे डिस्क भरली. ११ (फाइल बिघडली आहे) किंवा २६ (ही डेटाबेसची फाइलच नाही) आला तर पुन्हा प्रयत्न मुळीच करू नये. लिहिणे तिथेच थांबवावे.

उत्तर २:
दिवाणजींना कोड दाखवू नका, तो लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलमध्ये) वेळेसह जाऊ द्या. पडद्यावर 'ही पट्टी अजून जतन झालेली नाही, दुसऱ्या संगणकावर नोंद चालू आहे, संगणक बंद करू नये' असे लिहा आणि भरलेले आकडे तसेच ठेवा.

उत्तर ३ (साताऱ्याहून):
वरचे सर्व पटते, पण नेटवर्कवरील फोल्डरात फाइलचे लॉक भरवशाचे नसतात आणि वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची एसक्यूएलाइटची पद्धत) तर तिथे चालतच नाही. फाइलला हात लावणारा प्रोग्राम एकाच संगणकावर ठेवून दुसऱ्याने त्याच्याकडे मागणी करावी, नाहीतर पोस्टग्रेस (अनेक संगणकांना एकाच वेळी सेवा देणारा डेटाबेस सर्व्हर) घ्यावे. एका दूध संस्थेत वीज गेल्यानंतर उरलेली 'जर्नल' शेपटीची फाइल मी कचरा समजून पुसली होती. अर्धवट व्यवहार मागे घेण्याची माहिती नेमकी तिच्यातच होती, आणि दहा दिवसांची संकलनाची नोंद मला वहीवरून पुन्हा भरावी लागली.

प्रश्नकर्ता:
आमच्याकडे तशी फाइल आत्ता दिसते आहे.

उत्तर ३:
दोन्ही संगणकांवरील प्रोग्राम बंद करून मूळ फाइल आणि जर्नल, नावे न बदलता, एकत्र दुसरीकडे कॉपी करा. ती प्रत उघडून इंटिग्रिटी चेक (फाइल शाबूत आहे का हे पाहणारी एसक्यूएलाइटची तपासणी) चालवा. 'ओके' आले, तरच मूळ फाइल उघडा.