मदत हवी आहे: घरगुती प्रार्थना-गटाचे दोन गट कसे करावेत?

ख्रिस्तात सर्वांना सलाम. आमच्या मंडळीची आठवड्यातून एकदा घरोघरी प्रार्थनासभा भरते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं, बायबलमधला एक उतारा, मग विचारपूस. रविवारी मागच्या बाकावर गप्प बसणारे इथे मोकळे होतात, शेजारीही येऊ लागलेत. आता घर पुरत नाही. पाळकसाहेब म्हणतात, दोन गट करा. जुने सभासद तयार नाहीत.

१७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्लींच्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी इमारतीचं कर्ज फेडायला साधारण बारा-बारा जणांचे वर्ग केले. प्रमुखाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. घरोघर फिरताना कोण आजारी, कोण खचलंय हे कळू लागलं आणि वर्गणीसाठी केलेले वर्ग आत्मिक काळजीचे झाले. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये पाळक डेव्हिड योंगी चो यांनी १९६० च्या दशकात असे गट मुख्यतः स्त्रियांवर सोपवले. मला हे फार मोलाचं वाटतं. आमच्याकडेही खरी विचारपूस बायकाच करतात.

तुम्ही गट वेगळे केलेत तेव्हा नवा प्रमुख आधी कसा तयार केलात? कोण कुठल्या गटात, हे कोणी ठरवलं? आणि त्यानंतर यायचंच थांबलेल्यांना परत कसं जोडलंत? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.