मदत हवी आहे: मॅचला मोजकीच माणसं कशी बसवायची?

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय, डिसेंबर २०२०, कोरोनाचे दिवस. जानेवारीत आमच्या पोरांची आठ संघांची फुटबॉल स्पर्धा घ्यायचा विचार आहे, अर्थात परवानगी मिळाली तर.

कोरोनामुळं गोव्यात आयएसएल (आपल्या देशातली फुटबॉल लीग) यंदा रिकाम्या स्टेडियममध्येच चालू आहे. पण परवा ६ डिसेंबरला इंग्लंडात ॲनफिल्डवरची (लिव्हरपूलचं घरचं मैदान) लिव्हरपूल-वुल्व्ह्ज मॅच बघितली का? ५० हजारांहून जास्त खुर्च्या आणि माणसं फक्त २,०००. तरी मार्चनंतर पहिल्यांदा तो गलका ऐकून अंगावर काटा आला. (आम्ही लिव्हरपूलवाले ४-० जिंकलो, ते वेगळंच!)

तिकडं खुर्चीला नंबर असतो. आमच्या मैदानाला ना गेट, ना खुर्ची. एका अंगाला बाभळी, दुसरीकडं रस्ता. किराणा दुकानापुढं आखले होते तसे चुन्याचे चौकोन आखावेत म्हणतो, पण गोल झाल्यावर गडी चौकोनात थांबतोय होय? शंभर पास वाटले तरी भिंतीवर चढणाऱ्यांचं काय करायचं?

नांदेड-लातूरकडं कुणी अशा मॅच घेतल्या असतील तर सांगा. दोरी पुरते की बांबूच ठोकावे लागतात? आणि मास्क नसलेल्याला भांडण न होता परत कसं पाठवायचं? आमच्याकडं निम्मे बघणारे पाव्हणेच असतात.