एमएम ५४० ऑइल पिऊन राहिली, इंजिन घरीच खोलू का डीआय टाकू?

पांदणवाला (यवतमाळ):
रामराम मंडळी. घरी महिंद्राची जुनी जीप एमएम ५४० आहे, पेजो कंपनीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन, मीटर कधीचं बंद म्हणून किती चालली ते देवालेच माहीत. पावसाळ्यात आमच्या पांदणीत ट्रॅक्टर फसते पण ही फोर-व्हीलवर निघते, त्यामुळे विकायचा विषयच नाई. आता सकाळी स्टार्ट व्हायले नखरे, चढावर निळा धूर, अन् ऑइल सारखं टाकावं लागते. मिस्त्री म्हणते हे काढून बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन टाक नाईतर याच्यावरच जास्त हवा दाबणारा टर्बो बसव. चेनब्लॉक, पाने, शेड सगळं आहे. घरी किती काम होईल?

काळीमाती:
भाऊ टर्बोचं डोक्यातून काढा. पिस्टनच्या रिंगाच गेल्या असतील तर टर्बो लावून अजून दाब कायले टाकता, गॅस्केट उडेल फक्त. आधी इंजिन गरम करून ऑइल भरायचं झाकण उघडा अन् तिथंच उलटं ठेवा, फकफक धूर मारून झाकण नाचत असेल तर कंप्रेशन रिंगांवरून खाली उतरून राहिलं. मग कंप्रेशन मोजायचं गेज लावा, पण डिझेलचंच, पेट्रोलचं लावलं तर काटा जाईल. हीटर प्लगही चेक करा, हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, डिझेल आधी बाजूच्या लहान खोलीत उडते, एक-दोन प्लग मेले तरी सकाळी असेच नखरे करते. अन् एअर क्लीनरच्या पुढचा रबरी होज काढून आत बोट फिरवा. धूळ लागली तर रिंगा कायनं गेल्या ते तिथंच समजेल.

पांदणवाला:
होज खालून चिरलेला निघाला अन् बोट काळं! झाकण पण नाचते.

जुनंलोखंड (वणी):
मग खोला. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० एमएम बोअर (सिलिंडरची रुंदी), अन् लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, वेट आहेत, बाहेरून पाणी फिरते, म्हणून बोअर करायची भानगड नाई, ब्लॉक गाडीतच ठेवून लायनर-पिस्टन-रिंग किट बसते. पण ब्लॉकमधली लायनरची बैठक पूर्ण घासून साफ करजा, गंज राहिला तर लायनर तिरपं बसते अन् खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पाणी. लायनर ब्लॉकच्या वर थोडं उठून पाह्यजे, ते डायल गेजनंच मोजायचं, मिस्त्री बोट फिरवून ‘बरोबर आहे’ म्हणते त्यावर जाऊ नका. क्रँक काढला तर लेथवाल्याकडून मोजून आणा, हेड फेसिंगले (तळ सपाट करायले) पण तिकडंच, नोझल पंपवाल्याकडं. हे घरी होत नाई.

एक_डिफरेन्शियल:
डीआय काही वाईट नाई हो. २५२३ सीसी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६ एमएम, तुमचा ८३, म्हणून कमी आरपीएमले मस्त ओढते. पण माउंटिंग बदला, थरथर सहन करा, अन् इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागते, आरसीवर नोंद पाह्यजे. पासिंगले गेल्यावर नंबर जुळला नाई तर पांदणीतच फिरवा मग.

काळीमाती:
अपग्रेड करायचंच असेल तर रेडिएटर रॉडिंग (नळ्या सळईनं साफ) करून घ्या अन् थर्मोस्टॅट परत बसवा. आपल्याकडं मे महिन्याच्या धाकानं सगळेच तो काढून फेकते, मग हिवाळाभर इंजिन थंडच चालते अन् नव्या रिंगा घासते. एअर क्लीनरच्या ऑइल बाथमध्ये (तेलाच्या वाटीत) तेल खुणेपर्यंतच, जास्त भरलं तर इंजिन ओढून घेते.

पांदणवाला:
किट सांगतो उद्या. डायल गेज भाड्यानं कुठं भेटते का वणीकडं?

जुनंलोखंड (वणी):
लेथवाल्यालेच मागा, हेड त्याच्याकडं देता तर नाई कसा म्हणेल.