आपल्या डोळ्यांदेखत सुधारलेलं काही : तुम्ही कुणाचे आभार मानाल?

नमस्कार मंडळी. नद्या, हवा, जंगलं यांच्या वाईट बातम्या आपण रोज वाचतो आणि त्या खोट्या नसतात. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत काही गोष्टी खरोखर सुधारल्या आहेत, आणि त्या आपोआप सुधारलेल्या नाहीत. कुणी कोर्टात गेलं, कुणी रात्रीची झोप मोडून किनाऱ्यावर फिरलं, कुणी सरकारदरबारी खेटे घातले. त्यांचे आभार मानायचे राहूनच जातात, म्हणून हा धागा. एकच गोष्ट सांगा, पण स्वतः पाहिलेली.

सुरुवात मी करते. नव्वदच्या दशकात पुण्यात रिक्षाने शाळेत जायचे. सिग्नलला पुढच्या रिक्षाचा धूर थेट तोंडावर यायचा. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं मिसळत आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. माझी मुलगी त्यानंतर जन्मली. मला आभार मानायचे आहेत क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाचे. पृथ्वीचं वय मोजताना आपल्या प्रयोगशाळेत सगळीकडे शिसं का सापडतंय, याचा पिच्छा त्यांनी पुरवला आणि पुढे पेट्रोल कंपन्यांचा विरोध झाला तरी बोलत राहिले. गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं.

वेळासची लेक

माझं माहेर वेळास, तालुका मंडणगड. आमच्या लहानपणी कासवाची अंडी म्हणजे वाळूत फुकट मिळणारी वस्तू. मादीचा माग दिसला की काठी टोचत जायचं, वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघायचं आणि अंडी काढून आणायची. कुणी घरी खाई, कुणी विकी. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

२००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावात काम सुरू केलं. त्यांनी कुणाला दम दिला नाही. ज्यांना माग चांगला कळतो त्यांनाच राखणीला घेतलं. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घालून हॅचरी, म्हणजे अंडी सुरक्षित उबवायची जागा, केली. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री येते, दीडेक फुटाचा खड्डा करते, तळाशी मडक्यासारखा फुगीर. शंभरेक अंडी घालून बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुढे कोल्ही, कुत्री, भरतीचं पाणी, सगळ्यांपासून ती अंडी वाचवायची. कासवमित्र पहाटे माग काढतात, अंडी हलक्या हाताने टोपलीत घेतात आणि हॅचरीत तेवढाच खोल, तसाच खड्डा करून पुरतात. शेजारी तारखेची पाटी. पिल्लं यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात.

दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली उपडी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. कधी नुसती वाळू असते. कधी वाळू मधोमध खचलेली असते, मग ती हलू लागते आणि एक काळं, ओलसर डोकं वर येतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं, मग एकदम पाच-सहा. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, म्हणजे ती आपली आपण चालत जातात. लाट येते, त्यांना मागे ढकलते, ती पुन्हा तोंड फिरवून निघतात. पाहणारे दोरीमागे उभे असतात आणि फ्लॅश मारायला सक्त मनाई असते.

२००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे घरोघरी उतरतात. माझी आई आधी घाबरलेली, शहरातल्या लोकांना आपलं जेवण रुचेल का म्हणून. आता मार्च आला की तांदळाची पिठी, नारळ, आमसुलं सगळं आधीच तयार असतं आणि त्या पैशांत घरची बरीच देणी भागतात. कासव जगलं तर आपलंही भलं आहे, हे गावाला असं पटलं. भाषणं देऊन पटलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. आभार भाऊंचे, आणि पहाटे तीन वाजता कंदील-बॅटरी घेऊन निघणाऱ्या गावच्या पोरांचे.

गुहागरकर

वेळासताई, याला जोड देतो. २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या पायाला बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो तिला २०२१ मध्ये ओडिशात लावला होता. बंगालच्या उपसागरातून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ती कोकणात आली! हे कळलं कारण एका किनाऱ्यावर कुणी नेटाने बिल्ला लावला आणि दुसऱ्या किनाऱ्यावर कुणी रात्री जागून तो वाचला. दोघांनाही माझा दंडवत.

माणगाव खोरं

आमचं सिंधुदुर्गातलं साधं घर. पावसाळ्यात लाकडं ओली, आई फुंकणीने चूल फुंकत बसायची, डोळे लाल. बाबांनी गोठ्यामागे गोबर गॅस बांधून घेतला. रोज घमेल्याने शेण आणि तितकंच पाणी टाकीत कालवायचं. पहिल्यांदा शेगडी पेटली तेव्हा आईने टोप उतरवून त्याच्या बुडाला बोट फिरवून बघितलं. काजळी नव्हती. तेव्हापासून रानातून मोळ्या आणणं कमी झालं, टाकीतून निघणारी मळी (स्लरी) माडांना जाते, आईचा खोकला गेला. माझे आभार त्या गवंड्याला, ज्याने टाकीचा घुमट एवढा चोख बांधला की आजवर गळती नाही.

पशुवैद्य, रायगड

गोष्ट गिधाडांची आहे आणि ती पूर्ण आनंदाची नाही, तरी लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा डायक्लोफेनॅक हे आमच्या पेटीतलं हुकमी वेदनाशामक औषध होतं. स्वस्त, आणि गुण लगेच. लंगडणारा बैल संध्याकाळपर्यंत चालायला लागे. शेतकरी नाव न घेता "ते लवकर उठवणारं इंजेक्शन द्या डॉक्टर" असं म्हणत. त्याच काळात मेलेली जनावरं टाकायच्या जागांवर गिधाडं दिसेनाशी झाली. पूर्वी म्हशीचं धूड तासाभरात साफ व्हायचं, ते दिवसचे दिवस पडून राहू लागलं आणि कुत्री वाढली. कुणी म्हणे रोग आला, कुणी म्हणे विष घातलं.

२००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करून कारण शोधलं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. शवविच्छेदनात यकृतावर, हृदयावर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसतो, खडू फासल्यागत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त भारतातून दीड दशकात संपली. असल्या जनावरांचं प्रमाण शेकड्यात एखादंच असलं तरी पुरतं, कारण एका धुडावर गिधाडांचा थवाच्या थवा बसतो.

२००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. पर्याय होता मेलॉक्सिकॅम, जो गिधाडांना अपाय करत नाही हे आधी तपासलेलं होतं. तरी पळवाट उरली. माणसांसाठीच्या ३० मिलीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जायच्या. २०१५ मध्ये त्या कुप्यांवर ३ मिलीची मर्यादा आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही गिधाडांना घातक दोन औषधंही जनावरांसाठी बंद झाली. हे सगळं कागदावर सोपं दिसतं, पण प्रत्येक टप्प्यामागे पक्षितज्ज्ञांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे.

आमच्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या लोकांनी घरटी असलेली झाडं राखली. पूर्वीचे थवे परतलेले नाहीत, पण जी घसरण थांबेल असं वाटत नव्हतं तिला लगाम बसला. माझे आभार गोठ्यातल्या त्या शेतकऱ्यांना, ज्यांनी "हे औषध जरा सावकाश लागू पडेल, पण गिधाडं वाचतील" एवढं ऐकून मान डोलावली. त्यांच्यासमोर दुखणारं जनावर होतं, तरी डोलावली.

धागाकर्ती

डॉक्टर, शेवटची दोन वाक्यं वाचून थांबलेच. खूप धन्यवाद.

ऐरोलीकर

आमच्या इमारतीतून ठाण्याची खाडी दिसते. तिवरांच्या कडेला रात्री डंपर यायचे, राडारोडा ओतून जायचे, काही महिन्यांत तिथे सपाट जमीन तयार. २००५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांची (तिवरांच्या जंगलांची) तोड आणि त्यांवरचा भराव थांबवायचा आदेश दिला. २०१२ मध्ये वनखात्यात वेगळा कांदळवन कक्ष झाला, २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला.

ओहोटीला खाली उतरून पाहिलं तर चिखलातून बोटभर उंचीची श्वसनमुळं वर आलेली असतात, हजारोंनी, आणि त्यांच्यामधून खेकड्यांची ये-जा चालू असते. हिवाळ्यात पलीकडे गुलाबी पट्टा दिसतो तो रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा. खाडीत सांडपाणी आजही येतं, आणि जुनी मासळी राहिली नाही असं कोळीबांधव सांगतात, तेही खरं आहे. पण झाडं उभी आहेत. मला त्या वकिलांचे आणि कार्यकर्त्यांचे आभार मानायचे आहेत ज्यांनी २००५ नंतरही प्रकरण सोडलं नाही. अंतिम निकाल आला २०१८ मध्ये. तेरा वर्षं तारखा घेत राहायला काय लागत असेल, ते कोर्टाची पायरी चढलेल्याला विचारा.

नॉटिंगहॅमहून

मी विदर्भात एका औष्णिक वीज केंद्राजवळ वाढले. वाळत घातलेले कपडे झटकून घरात घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. लग्नानंतर इंग्लंडमध्ये आले तर इथेही क्षितिजावर तेच: रॅटक्लिफ-ऑन-सोरचे आठ शीतन मनोरे. ईस्ट मिडलँड्स पार्कवे स्टेशन त्यांच्या अगदी पायथ्याशी आहे, गाडीची वाट बघताना मान वर करून बघावे लागतात.

३० सप्टेंबर २०२४ रोजी ते केंद्र बंद झालं. ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं ते शेवटचं वीज केंद्र. जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा वीज केंद्र १८८२ मध्ये लंडनमध्येच, हॉबर्न व्हायाडक्टला सुरू झालं होतं, म्हणजे १४२ वर्षांचा हिशेब इथे मिटला. मला भावलं ते असं की तारीख आधीच जाहीर होती, त्यामुळे कामगारांना पुढची सोय बघायला वेळ मिळाला. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे कामाला होते. त्यांना आनंदही होता आणि दुःखही, आणि ते दोन्ही ते मोकळेपणाने सांगत. माझ्या गावाकडच्या वीज कामगारांनाही अशीच आधी सांगितलेली तारीख आणि हातात दुसरं काम मिळो. आभार त्या गृहस्थांचे. त्यांच्या विजेवर आमच्या घरात दिवे लागले आणि वेळ आल्यावर त्यांनी शेवटच्या पाळीपर्यंत काम केलं.

वर्सोव्याची आजी

थोडक्यात लिहिते. २०१५ पासून अफरोज शाह आणि स्वयंसेवकांनी आमचा किनारा दर आठवड्याला साफ केला. २०१८ च्या मार्चमध्ये तिथे कासवाची पिल्लं निघाली. नातवाला घेऊन मीही कचरा उचलायला गेले. वाळूत पुरलेली पिशवी ओढून निघत नाही, आधी बाजूची वाळू काढावी लागते. ते करणाऱ्या प्रत्येकाला माझा नमस्कार.

फ्रीजवाला, नाशिकरोड

मी फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करतो. तुमच्यापैकी कुणी ओझोनबद्दल लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण तो विषय आमच्या हातांखालून गेला आहे.

मी काम शिकलो तेव्हा घरगुती फ्रीजमध्ये थंड करायला आर-१२ हा गॅस असायचा. हा सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. वास नाही, पेट घेत नाही, कारागिराला सुरक्षित. गळती शोधायला उस्तादांकडे हॅलाइड टॉर्च होता: सांध्याजवळ नळी फिरवायची, ज्योत हिरवी झाली की तिथे गळती. कॉम्प्रेसर बदलायचा तर उरलेला गॅस हवेत सोडायचा, सगळीकडे तीच पद्धत. तो वर जाऊन काय करतो ते आम्हाला कोण सांगणार?

अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं आणि दोनच वर्षांत, १९८७ ला, सीएफसीसारख्या वायूंना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात आला. पुढे जगातल्या झाडून सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या. श्रीमंत देशांनी निधी काढला, त्यातून आमच्यासारख्यांना प्रशिक्षण मिळालं. वर्गात पहिल्यांदा गॅस परत भरून घ्यायचं यंत्र पाहिलं. सिलिंडरला वजनकाटा लावून किती ग्रॅम परत आला ते लिहून ठेवायचं, हे नवीनच होतं. मग आर-१३४ए आला, तो ओझोनला धक्का लावत नाही पण हवा तापवतो. आता नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. तो अगदी थोडा लागतो पण पेट घेतो, म्हणून तिथे ज्योत चालत नाही, सांधे दाबून बसवावे लागतात. हात पुन्हा नव्याने बसवावा लागला.

संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की करार असाच पाळला तर अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० इतका होईल. मी तेव्हा नसेन, पण माझ्या दुकानात काम शिकणारा पोरगा असेल. आभार त्या वर्गातल्या सरांचे. आम्ही फारसं न शिकलेले, तरी त्यांनी रेणू फळ्यावर काढून क्लोरीनचा एक अणू कसा सुटतो आणि ओझोन कसा फोडतो ते समजेपर्यंत सांगितलं.

माणगाव खोरं

दादा, आमच्याकडे पडवीत वडिलांच्या वेळचा फ्रीज पडून आहे. भंगारवाला नळ्या तोडून तांबं काढून नेतो म्हणतोय. देऊ का?

फ्रीजवाला, नाशिकरोड

नका देऊ. मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरजवळ पाटी असेल, तिच्यावर गॅसचं नाव लिहिलेलं असतं. आर-१२ असेल आणि नळ्या शाबूत असतील तर आत अजून गॅस असू शकतो. त्या काळच्या फ्रीजच्या भिंतीतला फोमही सीएफसीनेच फुगवलेला असायचा, तो फोडू देऊ नका. गॅस काढून घेणारा कारागीर आणि ई-कचऱ्याचं मान्यताप्राप्त केंद्र दोन्ही बघावं लागेल. पाटीचा फोटो टाका इथे, मी सांगतो काय करायचं ते.